दोन बाटल्यांचे डोसिंग आणि रीफ टाकीत हळूहळू उतरणारे मॅग्नेशियम

निळाशार (म्युनिक) यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी.

माझी रीफ टाकी, म्हणजे जिवंत प्रवाळांची खाऱ्या पाण्याची टाकी, सम्प (खाली जोडलेली उपकरणांची टाकी) धरून तीनशे लिटरची आहे. दगड आणि वाळूने व्यापलेली जागा वजा केली, तर प्रत्यक्ष पाणी अडीचशे लिटरच्या आसपास भरते. टाकीत मुख्यतः माँटिपोरा, काही ॲक्रोपोरा आणि थोड्या युफिलिया आहेत. हे सगळे प्रवाळ इथल्याच प्रवाळ-शेती करणाऱ्यांकडून घेतलेल्या लहान तुकड्यांपासून वाढवलेले आहेत. मागच्या काचेवर आणि दगडांवर जांभळे कोरलाइन शेवाळही चांगले पसरले आहे.

कॅल्शियम आणि अल्कलिनिटी (मुख्यतः पाण्यातले बायकार्बोनेट आणि कार्बोनेट) टिकवण्यासाठी मी घरी केलेली दोन द्रावणे डोसिंग पंपाने देतो: एका बाटलीत कॅल्शियम क्लोराइड आणि दुसरीत सोडियम बायकार्बोनेट. टाकीचा खप दिवसाला साधारण १ डिग्री केएच (अल्कलिनिटीचे एकक) इतका आहे. नायट्रेट आणि फॉस्फेट आटोक्यात असल्यामुळे गेले सात-आठ महिने मी पाणीबदल केलेला नाही. या काळात खारेपणा मात्र सारखा वर सरकत असतो, म्हणून अधूनमधून टाकीतले थोडे पाणी काढून टाकतो आणि त्या जागी आरओचे पाणी जाऊ देतो, म्हणजे तो पुन्हा ३५ वर येतो.

पाणीबदल थांबवले तेव्हा मॅग्नेशियम १३२० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) होते. आता ते ११५० दाखवते आहे. कॅल्शियम ४०० आणि केएच ७ आहे, पण तेवढे राखण्यासाठीच डोस वाढवावा लागतो आहे. हीटरच्या काचेवर खरखरीत पांढरा थर धरला आहे आणि रिटर्न पंपही पूर्वीपेक्षा जास्त आवाज करतो. प्रवाळांच्या सांगाड्यात मॅग्नेशियम फारच थोडे जाते असे मी वाचले आहे; मग हे दीडशे-पावणेदोनशे पीपीएम गेले कुठे? आणि ते भरून काढायचे, तर मॅग्नेशियम क्लोराइड वापरावे की एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट), आणि किती?

मीठभाकर यांचे उत्तर

निळाशार, नमस्कार. ११५० हा आकडा खरा आहे की नाही हे ठरल्याशिवाय कोणतेही द्रावण ओतू नका. चुकीच्या मोजमापावर विसंबून दिलेला मॅग्नेशियमचा डोस परत काढून घेता येत नाही. तो फक्त पाणीबदलानेच उतरतो.

सर्वप्रथम खारेपणा. समुद्राच्या पाण्यातले मॅग्नेशियम खारेपणाशी बांधलेले असते. दर हजार भागांत ३५ भाग क्षार असतील, तर मॅग्नेशियम सुमारे १२९० पीपीएम असते. तेच पाणी ३२ वर आले, की मॅग्नेशियम आपोआप ११८० होते. म्हणजे टाकीचा खारेपणा तीन एककांनी कमी असेल आणि ते आपल्या ध्यानात आले नसेल, तर मॅग्नेशियम ‘खाली आले’ असे वाटते, प्रत्यक्षात मात्र सगळेच क्षार खाली आलेले असतात. तुमचा रिफ्रॅक्टोमीटर (खारेपणा मोजण्याचे उपकरण) केवळ आरओच्या पाण्यावर शून्याला लावत असाल, तर तेवढ्यावर भागत नाही; ३५ चे तयार प्रमाण द्रावण मिळते, त्यावर तो लावून घ्या. शिवाय अनेक स्वस्त रिफ्रॅक्टोमीटर साध्या मिठाच्या द्रावणासाठी आखलेले असतात आणि ३५ चे समुद्राचे पाणी त्यांच्यावर साडेछत्तीसच्या आसपास दिसते. अशा उपकरणावर ३५ दिसेपर्यंत पाणी पातळ करणाऱ्या माणसाच्या टाकीत खरा खारेपणा साडेतेहेतीसच्या घरात असतो, आणि तेवढ्यानेच पन्नास-पंचावन्न पीपीएम मॅग्नेशियम कमी भरते.

त्यानंतर चाचणीचे किट. आपल्या हौशी किटमध्ये रंग पालटेपर्यंत सिरिंजने थेंब-थेंब द्रावण सोडायचे असते, आणि पाच टक्क्यांची चूक सहज होते, म्हणजे पासष्ट पीपीएम. तुमच्या नेहमीच्या मिठाचे ताजे पाणी ३५ वर काढा, रात्रभर ढवळत ठेवा आणि त्याच किटने, त्याच दिव्याखाली, टाकीच्या पाण्यासोबत मोजा. मिठाच्या पाकिटावर छापलेल्या आकड्याच्या जवळ उत्तर आले, तर किटवर भरवसा ठेवायला हरकत नाही. सिरिंज भरताना टोकाशी हवेचा बुडबुडा राहतो, तो काही किटमध्ये हिशेबात धरलेला असतो आणि काहींत नसतो. तेव्हा सूचनापत्रक पुन्हा एकदा शब्दशः वाचा.

हीटरवरच्या थराचे सांगायचे, तर तो कॅल्शियम कार्बोनेटचा असणार. थोडा खरवडून व्हिनेगरमध्ये टाका. फसफसला, तर शंका उरणार नाही. समुद्राचे पाणी मुळातच कॅल्शियम कार्बोनेटने अतिसंपृक्त असते आणि तरीही त्याचा साका बसत नाही, याचे एक मोठे कारण मॅग्नेशियम आहे. कार्बोनेटचा बारीकसा स्फटिक जमू लागला, की मॅग्नेशियमचे आयन त्याच्या पृष्ठभागावर जाऊन बसतात आणि त्याची पुढची वाढ अडवतात. मॅग्नेशियम कमी पडले, की ही आडकाठी सैल होते. कॅल्शियम कार्बोनेट गरम पाण्यात कमी विरघळते, म्हणून पहिला थर नेहमी हीटरवर आणि पंपाच्या रोटरवर दिसतो. तुमचा वाढलेला डोस प्रवाळांऐवजी काही अंशी तिथे जातो आहे.

निळाशार

दादा, सविस्तर उत्तराबद्दल आभारी आहे. प्रमाण द्रावणावर रिफ्रॅक्टोमीटर तपासला, तो बरोबर आहे; टाकीचा खारेपणा खरोखरच ३५ आहे. ताजे पाणी त्याच किटने १३१० दाखवते आणि पाकिटावरही जवळपास तेवढेच छापले आहे. टाकीचे पाणी दोनदा मोजले, दोन्ही वेळा ११५० च्या आसपास आले. थर व्हिनेगरमध्ये फसफसला. म्हणजे मॅग्नेशियम खरेच कमी आहे. ते कशामुळे, हे मात्र अजून उमगत नाही.

उधाण यांचे उत्तर

निळाशार, तुमच्या प्रश्नाचे उत्तर तुमच्याच एका वाक्यात आहे: खारेपणा सारखा वर सरकतो, म्हणून टाकीतले पाणी काढून त्या जागी आरओचे पाणी येऊ देता. तुमचे मॅग्नेशियम बव्हंशी प्रवाळांनी घेतलेले नसून त्या काढलेल्या पाण्याबरोबर मोरीत गेले आहे. हे थोडे सविस्तर मांडते, कारण या बाबीकडे फार कमी लोक लक्ष देतात आणि तिच्यातच मॅग्नेशियमचे बहुतेक कोडे सुटते.

कॅल्शियम क्लोराइड आणि सोडियम बायकार्बोनेट टाकीत गेले, की प्रवाळ त्यांतले कॅल्शियम आणि कार्बोनेट उचलतात आणि सांगाडा बांधतात. मागे उरतात सोडियम आणि क्लोराइड, म्हणजे साधे मीठ. केएचची १ डिग्री म्हणजे लिटरमागे सुमारे १८ मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट. तेवढे सांगाड्यात गेले, की लिटरमागे जवळपास २१ मिलिग्रॅम मीठ पाण्यात उरते. तुमच्या अडीचशे लिटरमध्ये हे दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा थोडे जास्त होते आणि वर्षाला दोन किलोंच्या जवळ पोचते. खारेपणा वर सरकतो तो याच मिठामुळे.

आता तुम्ही टाकीतले पाणी काढता, तेव्हा त्यात मीठ असते तसेच मॅग्नेशियम, सल्फेट, पोटॅशियम असे सगळेच असते. त्या जागी येते आरओचे पाणी, ज्यात काहीच नसते. पुढे डोसिंगमधून पुन्हा भर पडते ती फक्त सोडियम आणि क्लोराइडची. रिफ्रॅक्टोमीटर प्रत्येक वेळी इमानदारीने ३५ दाखवतो, कारण त्याला एकूण क्षारांशी मतलब, त्यांच्या घटकांशी नाही. पण त्या ३५ मधला साध्या मिठाचा वाटा महिन्यागणिक वाढत जातो आणि बाकी सगळ्यांचा घटत जातो.

आकड्यांत पाहा. दिवसाला लिटरमागे २१ मिलिग्रॅम म्हणजे आठ महिन्यांत साधारण ५ ग्रॅम. ३५ ग्रॅमच्या मानाने हा सुमारे सातवा हिस्सा. हळूहळू काढत-भरत गेल्यास मिठाखेरीज प्रत्येक घटक साधारण तेरा टक्क्यांनी घटतो. १३२० चे तेरा टक्के कमी केले, की ११५० येतात. तुमचे मोजमाप आणि हा हिशेब इतके जुळतात, की प्रवाळांच्या खपासाठी फारशी जागाच उरत नाही.

तुम्ही वाचले ते बरोबर आहे. दगडी प्रवाळांचा सांगाडा अरागोनाइटचा (कॅल्शियम कार्बोनेटच्या एका स्फटिकरूपाचा) असतो आणि त्यात मॅग्नेशियम टक्क्याच्या एका दशांशाच्या आसपास सापडते. कोरलाइन शेवाळाचे मात्र वेगळे आहे: ते मॅग्नेशियमयुक्त कॅल्साइट (त्याच कार्बोनेटचे दुसरे स्फटिकरूप) तयार करते, ज्यात कॅल्शियमच्या जागांपैकी शेकडा दहा ते वीस जागांवर मॅग्नेशियम बसलेले असू शकते. म्हणून ज्या टाकीत प्रवाळ थोडे आणि काचांवर जांभळी पुटे भरपूर, तिथे शेवाळाचा खप जाणवतो. तुमच्या टाकीत दोन्ही आहेत, तरी मोठा वाटा पाणी काढण्याचाच दिसतो.

यातून मोजमापाविषयी एक उपयोगाची गोष्ट निघते. या गतीने मॅग्नेशियम दिवसाला पाऊण पीपीएम आणि महिन्याला वीस-पंचवीस पीपीएम उतरते. किटची चूकच त्याहून मोठी आहे. त्यामुळे दर आठवड्याला मॅग्नेशियम मोजून काहीच कळत नाही. महिन्यातून एकदा मोजावे आणि तीन-चार महिन्यांचा कल पाहावा. आठवड्याभरात शंभर पीपीएम उतरल्याचे दिसले, तर आधी किटवर आणि खारेपणावर संशय घ्यावा.

माझे मत स्पष्ट सांगते. तुमच्या टाकीतले कमी मॅग्नेशियम हा मूळ आजार नाही. ते केवळ आपल्याला घरी मोजता येते म्हणून आधी दिसले. सल्फेट आणि पोटॅशियमही तेवढ्याच प्रमाणात खाली असणार, आणि नुसते मॅग्नेशियम ओतून ते भरून येणार नाहीत. शक्य असेल, तर प्रयोगशाळेत आयसीपी तपासणीसाठी (पाण्यातली मूलद्रव्ये एकाच वेळी मोजणारी पद्धत) नमुना पाठवा. समुद्राच्या पाण्यात पोटॅशियम सुमारे ४०० आणि गंधक (म्हणजे सल्फेटमधले) सुमारे ९०० पीपीएम असते. हे दोन्ही साधारण आठव्या हिश्शाने कमी आले, तर माझा अंदाज बरोबर. ते जागच्या जागी आणि फक्त मॅग्नेशियम खाली आले, तर वेगळे कारण शोधावे लागेल.

खाजण (ठाणे) यांचे उत्तर

उधाणताईंनी मूळ कारण सांगितले आहे, मी फक्त ‘क्लोराइड की एप्सम’ या प्रश्नापुरते लिहितो.

स्फटिकरूप मॅग्नेशियम क्लोराइड, म्हणजे सहा रेणू पाणी असलेले, घेतले तर त्याच्या वजनाच्या सुमारे १२ टक्के मॅग्नेशियम असते. एप्सम सॉल्टमध्ये, म्हणजे सात रेणू पाणी असलेल्या मॅग्नेशियम सल्फेटमध्ये, ते १० टक्क्यांपेक्षा किंचित कमी असते. त्यामुळे शंभर लिटर पाण्यात शंभर पीपीएम वाढवायला क्लोराइड ८४ ग्रॅम किंवा एप्सम १०१ ग्रॅम लागते. एवढे दोन आकडे लिहून ठेवले, की कोणत्याही टाकीचा हिशेब तोंडी करता येतो.

फरक पडतो तो मॅग्नेशियमबरोबर येणाऱ्या जोडीदारामुळे. दीडशे पीपीएमची वाढ केवळ एप्सम सॉल्टने केली, तर सल्फेट जवळपास ५९० पीपीएमने वाढते. समुद्रात ते २७०० आहे, म्हणजे ही वाढ पाचव्या हिश्शाहून जास्त. तीच वाढ केवळ क्लोराइडने केली, तर क्लोराइड ४४० पीपीएमने वाढते, पण मुळात ते १९,००० च्या वर असल्याने ही वाढ जेमतेम दोन टक्के होते. म्हणून नेहमीच्या डोसमध्ये बराचसा भाग क्लोराइड आणि दहाव्या हिश्शाच्या आसपास एप्सम, अशी रीत आहे, आणि ती योग्य आहे.

शुद्धतेविषयी मात्र आग्रहाने लिहावेसे वाटते. आपल्याकडे कृषी सेवा केंद्रात द्राक्षबागांसाठी आणि इतर पिकांसाठी मॅग्नेशियम सल्फेट पोत्याने मिळते, आणि परदेशात बर्फ वितळवण्यासाठी मॅग्नेशियम क्लोराइडचे पापुद्रे स्वस्तात मिळतात. ही दोन्ही त्यांच्या कामासाठी चांगली असतील, पण रीफ टाकीसाठी ती घेऊ नयेत. खताच्या दर्जाच्या मालात कोणते जड धातू किती आहेत याची हमी नसते आणि रस्त्यासाठीच्या मालात गंज रोखणारी द्रव्ये मिसळलेली असू शकतात. एप्सम औषधी दर्जाचे घ्या. क्लोराइड खाद्य दर्जाचे मिळते, कारण टोफू घट्ट करण्यासाठी ते वापरतात. गुजरातमध्ये कच्छच्या छोट्या रणाजवळ खाराघोड्याला मीठ काढून उरलेल्या कडू पाण्यापासून ते फार जुन्या काळापासून काढले जाते. तिथला मालही वेगवेगळ्या दर्जांत येतो, तेव्हा पाकिटावरचा दर्जा पाहूनच घ्यावा. नव्या पाकिटातले थोडे क्लोराइड आरओच्या पाण्यात विरघळवून अमोनियाच्या किटने एकदा तपासण्याची सवय ठेवा. काही मालात अमोनिया निघतो आणि तो थेट टाकीत जायला नको.

आणखी एक. मॅग्नेशियम क्लोराइड हवेतला ओलावा भराभर ओढते. ठाण्यात जुलै महिन्यात पाकीट उघडे राहिले, तर चार दिवसांत बुडाशी पाणी सुटते. असे ओले स्फटिक वजन करून घेतले, की मॅग्नेशियम कमी पडते आणि हिशेब चुकतो. कोरड्या हिवाळी हवेत एप्समचे उलट होते: त्यातले पाणी उडून वर पांढरी भुकटी धरते आणि त्याच वजनात मॅग्नेशियम जास्त भरते. म्हणून नवे पाकीट उघडले, की त्याच दिवशी सगळ्याचे द्रावण करून बंद बाटलीत ठेवणे उत्तम.

पुळण (पुणे) यांचा उपप्रश्न

याच विषयाला धरून विचारतो. माझ्या टाकीत फक्त मासे आणि मऊ प्रवाळ आहेत. आपल्या किनाऱ्यावरचे रीफ बांधणारे सर्व दगडी प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून आहेत, त्यामुळे त्या वाटेला मी गेलेलो नाही. पाण्यासाठी मी अलिबागच्या बाजूने समुद्राचे पाणी आणतो आणि गाळून वापरतो. पावसाळ्यानंतर आणलेल्या पाण्यात मॅग्नेशियम १०७० निघाले. समुद्राचेच पाणी असताना असे का व्हावे? आणि ब्रायॉप्सिस हे पिसासारखे शेवाळ मारण्यासाठी मॅग्नेशियम १६०० च्या वर न्यावे असे कोणी सांगितले, ते करावे का?

मीठभाकर

पुळण, तुमच्या पाण्याचा खारेपणा मोजा. तो २९ च्या आसपास निघेल असा माझा कयास आहे. ३५ ला १२९०, तर २९ ला १०७०, हे साधे त्रैराशिक आहे. पावसाळ्यात आपल्या नद्या आणि खाड्या किनाऱ्यालगतचे पाणी चांगलेच पातळ करतात आणि त्याचा परिणाम पाऊस ओसरल्यावरही काही काळ राहतो. मात्र क्षारांचे एकमेकांशी असलेले प्रमाण त्यामुळे फारसे बदलत नाही. चॅलेंजर या संशोधन जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात जगभरच्या समुद्रांतून आणलेल्या पाण्याच्या ७७ नमुन्यांचे पृथक्करण रसायनशास्त्रज्ञ डिटमार यांनी १८८४ मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हापासून हे भक्कमपणे माहीत आहे. म्हणून तुम्हाला वेगळे मॅग्नेशियम घालण्याची गरज नाही. चांगले सागरी मीठ घालून खारेपणा ३५ वर आणा, मॅग्नेशियम आपोआप जागेवर येईल. उन्हाळ्यात, भरतीच्या वेळी आणि खाडीच्या मुखापासून दूर पाणी भरले, तर हा प्रश्नही उरणार नाही.

१६०० चा प्रयोग करू नका असेच मी सांगेन. ब्रायॉप्सिस या शेवाळावर त्याचा परिणाम झाल्याचे अनेकांनी लिहिले आहे, पण तो मॅग्नेशियममुळे की त्या विशिष्ट उत्पादनातल्या एखाद्या अशुद्धीमुळे, यावर मतभेद आहेत. दुसरीकडे, सागरी प्रयोगशाळांमध्ये गोगलगायींसारख्या मृदुकाय प्राण्यांना गुंगी आणण्यासाठी मॅग्नेशियम क्लोराइडच वापरतात. तिथले प्रमाण टाकीपेक्षा कितीतरी जास्त असते हे खरे, तरी टाकीतल्या गोगलगायी काचेवरून गळून पडू लागल्या, तर ज्या शेवाळासाठी हा खटाटोप केला ते खाणारेच कोणी उरणार नाही.

निळाशार

आयसीपीचा अहवाल आला. मॅग्नेशियम ११४२, पोटॅशियम ३५१, गंधक ७८८, कॅल्शियम ४०४. उधाणताई, तुम्ही सांगितले तसेच झाले आहे. आता क्रम कसा ठेवू? खाजण यांनी दिलेल्या रीतीने बहुतांश क्लोराइड वापरू, की सगळे पाणीच बदलून टाकू?

उधाण

सगळे पाणी एकदम बदलू नका. केएच, तापमान आणि सूक्ष्म द्रव्ये एका झटक्यात पालटली, तर ॲक्रोपोरा ते सोसत नाहीत. आठवड्याच्या अंतराने वीस-वीस टक्क्यांचे दोन पाणीबदल करा, ताज्या पाण्याचा केएच टाकीशी जुळवून घ्या. ताजे पाणी १३१० चे असल्याने मॅग्नेशियम १२०० च्या वर येईल, आणि मुख्य म्हणजे पोटॅशियम व सल्फेटही त्याच प्रमाणात सुधारतील. त्या दोन पाणीबदलांतच हीटर आणि पंप काढून सायट्रिक ॲसिडच्या पाण्यात स्वच्छ करून घ्या.

त्यानंतर १३०० पर्यंत साधारण ९५ पीपीएम उरतील, आणि इथे मी खाजण यांच्या रीतीपासून जाणूनबुजून बाजूला जाते. त्यांची रीत नेहमीच्या खपासाठी बरोबर आहे, कारण प्रवाळ आणि शेवाळ मॅग्नेशियम घेतात आणि सल्फेट पाण्यातच राहते; अशा टाकीत एप्सम देत राहिले, तर सल्फेट साठत जाईल. तुमच्या टाकीत मात्र दोन्ही एकाच वेळी बाहेर गेले आहेत आणि क्लोराइड आधीच जास्त झाले आहे. समुद्रात सल्फेट मॅग्नेशियमच्या दुपटीहून थोडे जास्त असते. ते प्रमाण परत आणायचे, तर निम्म्याहून किंचित जास्त मॅग्नेशियम एप्सममधून यायला हवे. ५० पीपीएम एप्सममधून घेतले, तर अडीचशे लिटरला १२७ ग्रॅम, आणि उरलेले ४५ पीपीएम क्लोराइडमधून, म्हणजे ९४ ग्रॅम. दोन्ही आरओच्या पाण्यात एकत्र विरघळवा आणि तीन दिवसांत तीन समान भागांत द्या, म्हणजे दिवसाला तीसेक पीपीएमची वाढ होईल. एवढ्याने खारेपणा अर्ध्या एककाच्या आत वाढेल, तो तेवढा उतरवून घ्या.

पुढे हे पुन्हा होऊ नये यासाठी दोन मार्ग आहेत. एक तर पाणीबदल पुन्हा सुरू करा. आठवड्याला दहा टक्के बदलले, तर मॅग्नेशियम ताज्या पाण्यापेक्षा पन्नास-पंचावन्न पीपीएम खाली येऊन तिथेच स्थिरावते, म्हणजे तुमच्याकडे १२५५ च्या आसपास, आणि त्याला मी उत्तम म्हणेन. किंवा तीन द्रावणांच्या बालिंग डोसिंग पद्धतीचा तिसरा भाग जोडा, म्हणजे सोडियम क्लोराइड वगळलेले सागरी मीठ. ते तुमच्याकडे जर्मनीत सहज मिळते. डोसिंगमधून दिवसाला उरणाऱ्या पाच ग्रॅम मिठाला समुद्राची घडण यायला दीड ग्रॅमच्या आसपास इतर क्षार लागतात. बाजारातल्या मालात स्फटिकातले पाणी असल्याने वजन त्याहून जास्त भरते, तेव्हा उत्पादकाने दिलेले प्रमाण पाळा. हा भाग सुरू केल्यावरही खारेपणा वाढेल आणि पाणी काढावे लागेल, पण काढलेले आणि राहिलेले पाणी एकाच घडणीचे असेल. कोरलाइन शेवाळाचा खप मात्र यात धरलेला नाही, त्यासाठी महिन्याच्या मोजणीत तूट दिसली तरच थोडे क्लोराइड द्या, आणि तिथे खाजण यांचेच प्रमाण वापरा.

डोस देताना मॅग्नेशियमचे द्रावण सम्पमध्ये जोराचा प्रवाह असेल तिथे, बायकार्बोनेटच्या नळीपासून दूर सोडा. शेवटच्या भागानंतर पूर्ण एक दिवस जाऊ द्या, मगच किट हातात घ्या. आणि मॅग्नेशियम मोजाल तेव्हा त्याच बैठकीत केएचही मोजा, कारण साका बसण्याचे थांबले, की वाढवून ठेवलेला डोस टाकीला जास्त होऊ लागेल आणि तो तुम्हाला पायरीपायरीने खाली आणावा लागेल.